सौर पंपाचा पुरवठादार निवडताना: निविदेतल्या अटी आणि वावरातले मोजमाप

अर्ज मंजूर झाला, हिश्श्याची रक्कम भरली आणि पोर्टलवर पुरवठादार निवडायचा पर्याय उघडला. यादीत बऱ्याच कंपन्या, त्यातल्या निम्म्यांची नावे आपण कधी ऐकलेली नाहीत. त्याच आठवड्यात फोन सुरू होतात. "भाऊ, आमचीच कंपनी टाका, आठ दिवसांत बसवून देतो." रिद्धपूर, मोर्शी, चांदूर बाजार भागातले शेतकरी या टप्प्यावर आम्हाला एकच प्रश्न विचारतात: साहेब, कोणती कंपनी चांगली?

कंपनीचे नाव आम्ही सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. ज्या अटी मान्य करून कंपनी त्या यादीत आली, त्या अटी काय आहेत आणि त्यांतल्या कोणत्या तुमच्या कामाच्या आहेत, हे सांगता येते. या लेखात तेच पाहू. संत्र्याच्या बागेसाठी हा विषय खत-फवारणीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण चुकीचा संच बसला तर त्याची किंमत मे महिन्यात झाडे मोजतात.

यादीत यायला काय लागते

राज्यात सौर कृषिपंप नवे नाहीत. अटल सौर कृषिपंप योजना, मग मुख्यमंत्री सौर कृषिपंप योजना, 2019 पासून केंद्राची कुसुम योजना आणि 2024 पासून "मागेल त्याला सौर कृषिपंप" असा हा प्रवास आहे. सध्या सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के भरावे लागतात. बाकीचा पैसा सरकारचा आहे. म्हणून पुरवठादाराची निवड आधी सरकारी निविदेतून होते आणि मग तुमच्याकडून.

सरकारी तांत्रिक कामाची निविदा साधारण दोन लिफाफ्यांत उघडते. पहिला तांत्रिक: कंपनीची नोंदणी, उलाढाल, याआधी केलेली कामे, मालाचे चाचणी अहवाल, बयाणा रक्कम. यात जो पास होतो त्याचाच दुसरा, दराचा लिफाफा उघडतो. पहिल्या लिफाफ्यातली अनुभवाची अट कशी असते याचा अंदाज केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2002 च्या सूचनांवरून येतो. आजही अनेक निविदा त्याच मापाने लिहिल्या जातात. कामाची अंदाजित किंमत एक कोटी धरली, तर मागील तीन वर्षांची सरासरी उलाढाल किमान 30 लाख हवी. शिवाय मागील सात वर्षांत 80 लाखांचे एक, किंवा 50 लाखांची दोन, किंवा 40 लाखांची तीन तशाच प्रकारची कामे पूर्ण केलेली हवीत.

सौर पंपाच्या बाबतीत यावर आणखी एक चाळणी होती. कुसुम योजनेच्या सुरुवातीला फक्त सौर पॅनेल किंवा पंप बनवणाऱ्या कंपन्यांनाच निविदा भरता येत होती. नंतरची सेवा नीट मिळावी हा त्यामागचा हेतू. पण कारखानदार माल बनवतो, वावरात खड्डे खोदून संच उभा करणारे वेगळेच लोक असतात. कामे अडू लागली, तेव्हा 2020 मध्ये अट सैल करून कारखानदार आणि संच बसवणाऱ्या कंपन्या यांना भागीदारीत निविदा भरायची मुभा दिली गेली.

हा बदल बरोबर होता असे माझे मत आहे. मात्र त्यातून एक फट राहून गेली. निविदेत नाव आहे ते कंपनीचे किंवा भागीदारीचे. तुमच्या वावरात येतो तो त्यांनी नेमलेला उपठेकेदार, आणि त्याच्याही हाताखालची चार पोरांची टोळी. या टोळीची उलाढाल, अनुभव, प्रशिक्षण कोणत्याच लिफाफ्यात तपासलेले नसते. तालुक्याच्या गावचा जो इलेक्ट्रिशियन पुढे दुरुस्तीला धावून येतो, त्याचे नाव तर कुठेच नसते.

दरांची गोष्टही समजून घ्या. एकाच क्षमतेच्या पंपासाठी तुमचा हिस्सा कोणतीही कंपनी निवडली तरी तोच राहतो. म्हणजे "आमचा पंप स्वस्त पडेल" हे वाक्य या योजनेत अर्थहीन आहे. उलट कोणी वरचे पैसे मागत असेल, तर ते कशाचे हे लेखी मागा. संच उभारणीचे काम दरातच धरलेले असते. लेखी मागितले की बहुतेक वेळा मागणीच गळून पडते.

एचपी ठरतो सातबाऱ्यावर, पाणी ठरते खोलीवर

आता खरा अडचणीचा भाग. योजनेत अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, अडीच ते पाच एकरांपर्यंत 5 एचपी आणि त्यापुढे 7.5 एचपी असा पंप मिळतो. हिशेब जमिनीच्या क्षेत्रावर आहे. वाटप सोपे व्हावे म्हणून तो ठीक आहे. पण पंपाला सातबारा दिसत नाही, त्याला दिसते ते पाणी किती खालून उचलायचे आहे एवढेच.

केंद्राच्या तांत्रिक निकषांत प्रत्येक संचाने ठरावीक उंचीवर (याला हेड म्हणतात) दिवसाला किती पाणी द्यावे हे ठरवलेले आहे. 30, 50, 70, 100 मीटर असे हे टप्पे आहेत. स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे पावणेपाच किलोवॅट पॅनेलच्या 5 एचपी संचाने 50 मीटर हेडवर लाख लिटरच्या आसपास पाणी द्यावे अशी अपेक्षा आहे. तोच 5 एचपी, 100 मीटरच्या हेडचा असेल, तर पंचेचाळीस हजार लिटरच्या आसपास. ढोबळ नियम लक्षात ठेवा: खोली दुप्पट झाली की पाणी निम्म्यावर येते.

मोर्शी-वरुडचा संत्रा पट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी वर्षानुवर्षे ओळखला जातो. विहिरी आटल्या म्हणून बोअर घेतले, बोअर आटले म्हणून आणखी खोल घेतले. इथे 5 एचपी म्हणजे 5 एचपी असे धरून चालत नाही.

हेड म्हणजे बोअरची खोली, असा गैरसमज फार आहे. 500 फुटांचा बोअर असेल आणि पाणी 150 फुटांवर उभे असेल, तर दोन्हीपैकी कोणताच आकडा हेड नव्हे. हिशेब असा करा. पंप चालू असताना, मे महिन्यात, पाणी जिथे स्थिर होते ती पातळी धरा. समजा ती 210 फूट, म्हणजे सुमारे 64 मीटर. बोअरपासून बागेच्या उंच टोकापर्यंत चढ 3 मीटर. ठिबक असेल तर फिल्टरसह एक ते दीड किलोचा दाब लागतो, तो म्हणजे आणखी 10 ते 15 मीटर, आपण 12 धरू. पाइपातल्या घर्षणाचे 5 मीटर. बेरीज 84 मीटर. अशा ठिकाणी 70 मीटर हेडचा संच आला, तर तो नोव्हेंबरात छान चालेल, फेब्रुवारीत धार बारीक होईल आणि मे महिन्यात पॅनेलवर कडक ऊन असूनही पाणी फारच कमी येईल. प्रत्येक पंपाची एक शेवटची उंची असते, तिच्यावर तो पाणी फेकतच नाही, फक्त गरम होतो.

गेल्या उन्हाळ्यात रिद्धपूरच्या शिवारात मी नेमके हेच पाहिले. पाच एकर संत्रा, झाडे बारा वर्षांची, नवा 5 एचपी संच. दुपारी बाराला तोटीतून करंगळीएवढी धार. शेतकरीदादा म्हणाले, कंपनी फसवून गेली. पाहणीचा कागद मागितला तर त्यात हेडच्या रकान्यात 50 मीटर आणि खाली त्यांचीच सही. पाहणीला आलेल्या मुलाने दोरी टाकलीच नव्हती. "दादा, पाणी किती खाली आहे?" एवढे विचारले, आणि डिसेंबरातला आकडा सांगितला गेला. खोटे कोणी बोलले नव्हते. पण कंपनीने दिलेला संच कागदाप्रमाणे बरोबर ठरला, आणि तक्रारीला आधारच उरला नाही.

आता झाडांचा हिशेब. 6 बाय 6 मीटरवर एकरी सुमारे 110 झाडे, पाच एकरांत साडेपाचशे. मोठ्या झाडाला कडक उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला दीडशे ते दोनशे लिटर लागतात. दीडशेच धरले तरी साडेब्याऐंशी हजार लिटर होतात. 100 मीटर हेडवर योग्य संच बसला तरी पंचेचाळीस हजार. म्हणजे योजनेतून मिळू शकणारा बरोबर संचसुद्धा निम्मी बागच भागवतो. आंबिया बहाराची फळे त्याच काळात झाडावर असतात. पाणी कमी पडले की फळगळ होते, आणि गळलेली फळे जूनच्या पावसाने परत येत नाहीत.

याचा अर्थ सौर पंप घेऊ नका असा नाही. दिवसा ओलीत करता येते, रात्रीच्या विजेसाठी वावरात जागावे लागत नाही, हे मोठे आहे. पण जुने वीज कनेक्शन असेल तर सौर पंपाच्या भरवशावर ते आधीच मोडून टाकायची घाई करू नका. दोन एकरांना पुरणाऱ्या पाण्यावर पाच एकर बाग ठेवायची का, हा निर्णय पंप येण्याआधी व्हायला हवा. आच्छादन, छाटणी, बहार किती झाडांवर धरायचा, हे सगळे त्याच आकड्यावर ठरते.

शासनाकडेही एक मागणी करायला हवी. खोल पाण्याच्या तालुक्यांत एचपीची मर्यादा क्षेत्राबरोबर हेडवरही ठरवावी. अडीच एकरांचा शेतकरी 90 मीटरवरून पाणी उचलत असेल, तर त्याला 3 एचपी देणे म्हणजे सरकारचेही पैसे वाया घालवणे. यावर हरकत अशी घेतली जाते की मोठा पंप दिला तर उपसा वाढेल. हरकत खोटी नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतही अतिउपशाच्या भागात नवा पंप बसवण्याऐवजी जुना डिझेल पंप बदलणे आणि सूक्ष्म सिंचन करणे यावरच भर आहे. पण ठिबकची सक्ती करून पुरेसा पंप देणे, आणि अपुरा पंप देऊन शेतकऱ्याला शेजारी दुसरा बोअर घ्यायला लावणे, यांत भूजलाचे नुकसान दुसऱ्या मार्गाने जास्त होते.

संयुक्त पाहणीच्या दिवशी

निवड झाली की पुरवठादाराचा माणूस आणि यंत्रणेचा प्रतिनिधी जागेची पाहणी करतात आणि अहवालावर तुमची सही घेतात. तुमच्यासाठी सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत मोलाचा कागद आहे. तांत्रिक लिफाफ्यात कंपनीने काहीही लिहून दिलेले असो, तुमच्या वावरासाठी कोणता संच द्यायचा हे इथे ठरते.

पाहणीच्या आधी स्वतः मोजून ठेवा. दोरीला वजन बांधून बोअरमध्ये सोडा, पाण्यापर्यंतची कोरडी राहिलेली लांबी मोजा. जुना पंप असेल तर तो दोन तास चालवून मग मोजा. हे काम एप्रिल-मे महिन्यात करा आणि आकडा तारखेसह वहीत लिहा. पाहणी हिवाळ्यात आली तर उन्हाळ्यातला आकडा अहवालात लिहून घ्या. रकाना नसेल तर शेऱ्यात लिहा. कोरा किंवा अर्धवट भरलेला अहवाल असेल तर सही करू नका आणि भरलेल्या अहवालाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जागेवर सावली पडते का तेही पाहा. सकाळी नऊला गेलेल्या माणसाला दुपारी तीनची कडुनिंबाची सावली दिसत नाही.

कृषी सहायकांना (आता पदनाम सहाय्यक कृषी अधिकारी) एक विनंती. ही योजना ऊर्जा विभागाची आहे, तुमच्या उद्दिष्टात ती नाही, हे मान्य. पण ठिबकचा आराखडा तुमच्याकडे असतो आणि त्यात दाबाचा आकडा असतो. तोच पाहणी अहवालात गेला तर अर्ध्या तक्रारी निर्माणच होणार नाहीत.

अकोला, दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यातली गोष्ट वेगळी आहे. तिथे बोअरचे पाणी खारे, म्हणून ओलिताचा आधार शेततळे. शेततळ्यातून उचलायला हेड फार लागत नाही, जमिनीवरचा पंप पुरतो, आणि 3 एचपी संचही भरपूर पाणी देतो. तिथे विचारायचा प्रश्न हा की पाण्यात क्षार असतील तर पंपाच्या आतल्या भागांचे स्टेनलेस स्टील कोणत्या ग्रेडचे आहे. एक अट मात्र तिथे अनेकांना माहीत नसते: जलसंधारणाच्या सरकारी कामातून साठलेल्या पाण्यावर या योजनेचा पंप बसवता येत नाही. वैयक्तिक किंवा सामुदायिक शेततळे चालते.

पाच वर्षांची जबाबदारी कोणाची

पुरवठादाराने निविदा भरतानाच काही गोष्टी मान्य केलेल्या असतात. पॅनेल आणि त्यातले सौर सेल भारतात बनलेले असावेत. ढाचा ताशी 150 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात टिकावा. संचाची पाच वर्षे देखभाल-दुरुस्ती आणि विमा कंपनीकडे. संच दुरून तपासता येईल असे उपकरण बसवलेले असावे. कामाच्या जिल्ह्यात सेवा केंद्र आणि स्थानिक भाषेत बोलणारी मदतवाहिनी असावी.

यांतल्या सेवा केंद्राच्या अटीवरून कंपनी निवडा, असे मी सांगेन. पोर्टलवर नाव टाकण्यापूर्वी त्या कंपनीच्या अमरावती जिल्ह्यातल्या सेवा केंद्राचा पत्ता मागा आणि बाजाराला जाल तेव्हा प्रत्यक्ष पाहून या. तिथे कुलूप दिसले तर उत्तर मिळाले. आपल्या आसपासच्या गावांत त्याच कंपनीचे एक वर्ष जुने संच असतील, त्या दोन शेतकऱ्यांना विचारा की कंट्रोलर बंद पडल्यावर माणूस किती दिवसांत आला. वैशाखातल्या वावधनात पॅनेल उडाले असतील, तर विम्याचे काय झाले तेही विचारा. फोनवरच्या दहा आश्वासनांपेक्षा ही दोन घरे जास्त सांगतात.

कंपनी आलीच नाही तर काय? पुरवठादाराची परफॉर्मन्स सिक्युरिटी, म्हणजे कामाच्या हमीची रक्कम किंवा बँक गॅरंटी, यंत्रणेकडे असते. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत ही हमी वॉरंटीसह सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यानंतरही 60 दिवस चालू राहावी असे आहे. म्हणजे तक्रार लेखी असेल, तिचा क्रमांक तुमच्याकडे असेल, तर यंत्रणेच्या हातात वसुलीचे साधन आहे. तोंडी तक्रारीने ते साधन वापरता येत नाही. पोर्टलवर किंवा उपविभाग कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर तुमचा पाहणी अहवाल, कार्यारंभ आदेश, पुरवठादाराशी झालेल्या करारातल्या सेवेच्या अटी आणि दुरुस्तीची मुदत मागता येते. कायद्याच्या कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचे नमुने घेण्याचाही हक्क आहे, हे फार कमी लोक वापरतात.

काही शेतकरी उत्पादक कंपन्या विचारतात की आम्हीच निविदा का भरू नये. उलाढालीचे वर दिलेले गणित पाहता एकट्याने जमणे कठीण आहे. पण सेवा केंद्र चालवण्याचा करार पुरवठादाराशी करता येतो. त्याला जिल्ह्यात माणसे हवीच असतात, आणि गावातली आयटीआय झालेली दोन मुले त्यात लागू शकतात. करार करताना सुटे भाग कोण पुरवणार आणि किती दिवसांत, एवढे पक्के लिहून घ्या, नाहीतर शिव्या तुमच्या कंपनीला पडतील.

संच सुरू होतो त्या दिवशी

संच उभा राहिला की "काम पूर्ण झाले" अशा अहवालावर पुन्हा सही घेतात. बहुतेक वेळा ही सही पॅनेलसमोर फोटो काढून घाईत होते. तेवढ्यात एक ड्रम आणा. 200 लिटरचा प्लास्टिकचा ड्रम प्रत्येक वाडीवर असतो. ऊन स्वच्छ असताना, दुपारी बारा ते एकच्या दरम्यान, पंप अर्धा तास चालल्यावर तोटीखाली ड्रम लावा आणि मोबाइलवर वेळ मोजा. 5 एचपीचा 100 मीटर हेडचा संच त्या हेडवर चालत असेल तर ड्रम साधारण दीड मिनिटात भरायला हवा. 50 मीटर हेडवरचा असेल तर पाऊण मिनिटात. पाणी वर असेल तर याहून लवकर भरेल, म्हणून त्या दिवशीची पाण्याची पातळीही शेजारी लिहा. दुप्पट वेळ लागत असेल तर सही थांबवा, अहवालात तो आकडा लिहायला सांगा, आणि पॅनेलची संख्या, त्यांच्यावरचे क्रमांक व पंपावरच्या पट्टीवर लिहिलेले हेड पाहणी अहवालाशी ताडून बघा. हाच ड्रम पुढच्या मे महिन्यात पुन्हा लावायचा आहे, तेव्हा पहिल्या दिवसाचा आकडा वहीत पाण्याच्या पातळीखालीच लिहून ठेवा.